मालेगाव जवळ होतं

मायबापहो, गजूचे सोयरे, गावची मंडळी अन् समोर बसलेली गजूची कारभारीण, कमलवयनी,

एवढी मंडळी आज पारावर जमली, पण कोणी कोणाच्या तोंडाकडं पाहून नाई राह्यलं. सरपंच म्हणले, मास्तर, तुमी बोला, तुमाले बोलाची सवय हाय. सवय हाय खरी. सारी जिंदगी पोट्टे शिकवण्यात गेली. पण आज जीभ उचलत नाई. कारण मले गजूचं गुणगान नाई करायचं. मले माहा गुन्हा सांगायचा हाय.

गजू मोटार वाइंडिंगवाला, पाण्याच्या जळल्या मोटारी बांधून देये. या किन्हीराजात ज्याची मोटार गजूनं बांधली नाई, त्यानं हात वर करावा. पाहा, एक हात नाई. शाळेची मोटार बांधून देल्ली, तं ते उलटी फिरे. मी तणतणत गेलो. म्हणे, “मास्तर, मोटार बरोबर हाय, तुमची शाळाच उलटी चालते.” असा गडी. तेव्हाही त्याच्या तोंडाले वास होता. आमी हसण्यावारी नेलं. आपण सारेच हसलो.

मागच्या उन्हाळ्यात तो माह्या घरी आला. भरदुपारी, न पिता. दवाखान्याच्या भिंतीवरून एक नंबर उतरवून आणला होता. ज्याले दारू सोडाची हाय, त्यांची बैठक भरते म्हणे. “मास्तर, फोन तुमी लावा. मले बोलता नाई येणार. अन् पहिल्या बारीले सोबत चाला. एकल्यानं आत पाय पडणार नाई माहा.”

मी फोन लावला. तिकडच्या माणसानं लय प्रेमानं सांगतलं. गुरुवारी संध्याकाळी मालेगावले बैठक, एका शाळेच्या खोलीत. अन् रविवारी मंगरूळपीरले.

आता ऐका. मालेगाव आपल्याले जवळ. गाडीत बसलं का उतरलं. पण त्या शाळेतले सारे गुरुजी माह्या ओळखीचे. माही गाडी तिथं दिसली तं लोक काय म्हणतीन? म्हणतीन, मास्तरही घेते वाटते. म्हणून मी गजूले फक्त मंगरूळपीर सांगतलं. वयनी, तुमी तेव्हा त्याच्या मांग माह्या दारात उभ्या होत्या. तुमी इचारलं, “भाऊजी, जवळ कुठं नाई का हो?”

मी म्हणलं, नाई.

नाई म्हणलं मी. तुमच्या तोंडावर.

पहिल्या रविवारी गेलो सोबत. तो आत गेला. मी रस्त्यापलीकडं चहाच्या टपरीवर, तोंडापुढं पेपर धरून. दीड घंट्यानं तो बाहीर आला, चेहरा कसा उजळला होता. “मास्तर, तिथं कोणी मले शिकवलंच नाई. जो तो आपलंच सांगते. एक बांगड्यावाले चाचा होते. म्हणे, भाई, जिंदगीभर का मत सोच, बस आज मत पी.” घरी येईस्तोवर तेच सांगत होता.

दुसऱ्या रविवारी मी शाळेचं काम काढलं. काम नव्हतं. तिसऱ्या रविवारीही काढलं. मंग त्यानं इचारणंच सोडलं. एकटा जाये. मधात जिथं गाडी बदलावी लागते, तिथं समोरच देशीचं दुकान. तरी दोन महिने गेला तो. गजू दारुडा होता म्हणताना हेही म्हणा, का दोन महिने तो त्या दुकानासमोर उभा राहून पुढच्या गाडीत बसला.

एका रविवारी पुढची गाडी आलीच नाई. घंटाभर थांबला. दोन घंटे थांबला. मंग जे झालं ते तुमाले माहीत हाय. कावीळ झाली, अकोल्याले नेलं. तिथं खाटेवर पडल्या पडल्या मले म्हणे, “मास्तर, गाडी आली असती तं गेलो असतो मी.” तेव्हा तरी मी खरं सांगावं का नाई? नाई सांगतलं. नुसता त्याचा हात धरून बसलो. आज त्याचा दहावा.

परवा गुरुवारी मी मालेगावले गेलो. काहून गेलो? आता कायले? माहं मले ठाऊक नाई. आत पिणारेच बसतात, म्हणून फाटकात उभा राह्यलो. बैठक सुटली अन् आपल्याच गावचा एक जण बाहीर आला. नाव सांगणार नाई, तिथली रीतच तशी हाय. तीन वर्सापासून तो तिथं जाते. आपल्याले वाटे, बाजाराले जाते. त्याले मी सारं सांगतलं, तं तो म्हणे, “काय केलं मास्तर! माह्या फटफटीची मांगची शीट दर गुरुवारी रिकामी जाये.”

एका गावचे दोघं. एकाले दुसऱ्याचं ठाऊक नाई. तो आपल्याले भ्याला, मी तुमाले भ्यालो. गजू भ्याला नव्हता हो. तो भरदुपारी माह्या दारात आला होता.

वयनी, माफ करा म्हणाचं तोंड नाई मले. पण येत्या गुरुवारी पाच वाजता मी माही गाडी घेऊन स्टँडवर उभा राहीन. ज्याले यायचं हाय त्यानं मांग बसावं. कोणी इचारलं, “मास्तर, कुठं निंघाले?” तं मोठ्यानं सांगीन. बैठक सुटेपर्यंत फाटकात बसीन, तोंडापुढं पेपर न धरता. कोणी नाई आलं, तरी जाईन.

आता उठा. दोन मिनिटं उगे राहू.

गजू, हात जोडतो तुले. जवळ होतं रे बाप्पा. मालेगावले होतं.