बगदादच्या रस्त्यावर माझं दुकान

नाही, पण मला एक सांगा, बगदादमध्ये माझं दुकान कसं असेल हो? बगदाद कुठे, आपली अचीन स्ट्रीट कुठे! मी जन्मात पिनांगच्या बाहेर गेलो तो एकदाच, समोर बटरवर्थला, बायकोच्या मावसभावाच्या लग्नाला, आणि तेवढ्या वीस मिनिटांच्या बोटीतसुद्धा माझ्या पोटातलं सगळं समुद्राला गेलं, तो मी काय बगदादला दुकान काढणार? पण तुम्हाला सांगतो, पडदा खाली आला, ढोलकं वाजलं, वजीर म्हणाला, "हेच ते बगदाद!" आणि त्या बगदादच्या भर रस्त्यात मागे कोणाचं दुकान? माझं! दुसऱ्या दिवशी चीन. चीनच्या राजधानीत मागे कोणाचं दुकान? माझं! तेच हिरवं दार, तीच पाटी, 'सुलोंग, केस आणि दाढी', आणि खिडकीची एका बिजागरीवर लोंबणारी ती झडप, जी मी तीन वर्षं आज दुरुस्त करतो उद्या करतो म्हणत होतो, ती तिकडे चीनमध्येही लोंबत होती!

बसा, बसा तुम्ही. बाकावर जरा सरका, त्या आजोबांना टेकू द्या.

तर झालं काय, ती बांगसावानची, म्हणजे आपल्या मलायी संगीत नाटकांची, मंडळी आली गावात, ऐन हजच्या मोसमात. आता मोसम म्हणजे माझं वर्षाचं पीक. तुमच्या केदाहकडची, पर्लिसकडची माणसं हजला निघायची, जहाजाची वाट बघत इथे आठ-आठ दिवस राहायची, आणि निघण्याआधी केस-दाढी नीट करून घ्यायची ती कुठे? मशिदीच्या बाजूला पहिलं दुकान कोणाचं? माझं! वर्षभर माश्या मारतो, तो याच दोन महिन्यांच्या भरवशावर. आणि अशा वेळी तो आह कीन आला, मंडळींचा पडदे रंगवणारा. खुर्चीत बसला, मी फेस लावला, आणि फेसातूनच म्हणतो, "पाक सुलोंग, अहो काका, आमचा रस्त्याचा पडदा फाटलाय, नवा काढायचाय. तुमचं दुकान घालू का त्यात? हजार माणूस रोज बघेल." मी म्हटलं, बदल्यात काय? तर म्हणे काही नाही, मंडळींची दाढी शुक्रवारची फुकट. आता माझीच अक्कल गहाण पडली त्याला तो तरी काय करणार? मी म्हटलं, घाल! आणि नीट घाल, अर्धवट नको!

नीटच घातलं हो मेल्यानं. दार उघडं काढलं, आत खुर्ची काढली, आरसा काढला, आरशात वस्तऱ्याचा पट्टासुद्धा दिसत होता. पहिल्या दिवशी मी नवी टोपी घालून, मुनाहला, म्हणजे माझ्या बायकोला, घेऊन दुसऱ्या रांगेत बसलो. पडदा खाली आला आणि मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, हे तर सुलोंगचं दुकान!" मी उठून चारी दिशांना सलाम केला. मुनाह माझी बाही ओढतेय, "बसा आता, लोक हसतायत." मी म्हटलं, हसू दे, उद्या रांग लागेल! आणि एवढ्यात डावीकडून आला बाकार. बाकार म्हणजे मंडळींचा दुष्ट माणूस. वजीर तोच, जिन तोच, सावत्र काकाही तोच. आला, खंजीर काढला, आणि राजपुत्राला भोसकला तो कुठे? बगदाद एवढं मोठं, पण भोसकला तो माझ्या दारात! राजपुत्र पडला माझ्या पायरीवर, आणि मागे उघड्या दारातून दिसतोय काय? वस्तऱ्याचा पट्टा!

आता यात कोणाची चूक नाही. मी नंतर विचार केला. या नाटकांचं लिहिलेलं काही नसतं. मालक, चिक कासिम, दुपारी सगळ्यांना गोळा करतो, गोष्ट सांगतो, संध्याकाळी ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. पण पडदे मात्र ठरलेले. राजवाड्यात गाणं, बागेत प्रेम, जंगलात जिन. आणि रस्त्यात? रस्त्यात माणसानं फक्त मरायचं! नाहीतर चोरी व्हायची, नाहीतर आंधळी आई भीक मागायची, नाहीतर तान्हं पोर टाकून द्यायचं. सात दिवसांत सात नाटकं. तीन खून, दोन दरोडे, एक आंधळी आई आणि टोपलीतलं एक पोर. आणि दर वेळी मागे कोणाचं दुकान? माझं!

पोर टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारात माक सोम भेटली. अख्ख्या गल्लीची मावशी ती, विडा तोंडात, तशीच गरजली, "काय रे सुलोंग, लेकरू दारात रडत होतं, उचलावंसं नाही वाटलं?" मी म्हटलं, माक सोम, ते नाटक होतं! तर म्हणे, "नाटक होतं ते मला कळतं. मी काही खेडवळ नाही. पण दार उघडं होतं ना? आणि परवा तो राजपुत्र तडफडत होता, घोटभर पाणी तरी विचारलंस?" मी म्हटलं, मी पडद्यावर नव्हतोच, नुसतं दुकान होतं! तर म्हणते, "तेच तर! दुकान उघडं टाकून गेला होतास कुठे?" घरी येऊन मुनाहला सांगितलं, म्हटलं ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती तांदूळ निवडत शांतपणे म्हणाली, "दार उघडं होतं, हे मात्र खरं."

आणि गिऱ्हाईक? त्या मासळीवाल्या मानची वीस वर्षं दाढी करतोय मी. आला, बसला, आणि म्हणाला, "केसच काप. वस्तरा राहू दे." का रे? "नाही, तसं काही नाही... पण तो तिकडे लांब ठेव." आणि हजला निघालेली माणसं! संध्याकाळी मोकळी असायची, जहाजाला उशीर, गेली नाटकाला. आता केदाहच्या भातखाचरातून आलेला माणूस रात्री बगदादमध्ये खून बघतो आणि सकाळी अचीन स्ट्रीटच्या वळणावर बघतो तर काय, बगदाद! तेच दार, तीच झडप! समोरच्या फुटपाथवर दहा-दहा जण उभे राहायचे. एक जण तर वाकून माझी पायरी निरखत होता. मी विचारलं, काय शोधताय? तर म्हणे, "डाग धुतलेत वाटतं." आणि दाढीला गेले सगळे चुलिया स्ट्रीटला, त्या तमिळ न्हाव्याकडे. त्याचं दुकान कुठल्याच शहरात नाही ना!

मी गेलो चिक कासिमकडे. म्हटलं, खून करा, माझं काही म्हणणं नाही, पण दुसऱ्या रस्त्यात करा. तो म्हणाला, "रस्ता एकच आहे." मग शुक्रवारी बाकार फुकटच्या दाढीला आला तेव्हा त्याला धरला. हा बाकार, तुम्हाला सांगतो, रंगमंचावर डोळे वटारतो, पण खुर्चीत बसला की वस्तऱ्याला इतका भितो, इतका भितो, की मुठी आवळून देवाचं नाव घेत असतो. मी म्हटलं, बाबा रे, दोन पावलं डावीकडे भोसक, तिथे पडद्यावर नुसती भिंत आहे. "भोसकतो, पाक, भोसकतो, पण जरा हळू!" आणि शब्दाला जागला बिचारा. त्या दिवशी भिंतीपाशी भोसकलं. पण राजपुत्र कोण? जायनल! मंडळींचा हिरो! मधल्या बत्तीखाली मेल्याशिवाय त्याचा जीव जात नाही. भोसकलेला माणूस पोटावर सरपटत सरपटत आला, पुन्हा माझ्या पायरीवर, आणि तिथे अकरा कडव्यांचं गाणं म्हणून मेला! अकरा कडवी! तेवढ्या वेळात मुनाहसुद्धा माझ्याकडे वळून बघायला लागली, की हे अजून पाणी घेऊन उठत कसे नाहीत.

शेवटी गेलो आह कीनकडे. म्हटलं, निदान दार तरी बंद कर! म्हणजे कोणी म्हणायला नको की आत बसून बघत होता. त्यानं तासाभरात दार बंद केलं, वर आडवा अडसर रंगवला. त्या संध्याकाळी खून झाला, छान झाला, माझं नाव कोणी काढलं नाही. मी सुखानं झोपलो.

सकाळी दुकान उघडून दारात उभा, तर एक कुत्रं फिरकेना. नेहमीचा रिक्षावाला थांबला, डोळे पुसत म्हणतो, "बंद केलंत ना शेवटी?" मी म्हटलं, अरे, उघडं आहे, मी समोर उभा आहे! तर म्हणे, "पण काल आम्ही सगळ्यांनी बघितलं. अडसर होता." दुपारी माक सोम घरी भात आणि सुकी मासळी घेऊन आली, मुनाहला मिठी मारून रडली, आणि आतून मी बाहेर आलो तेव्हा दचकून म्हणाली, "आजारी होतास की गेला होतास?" तीन दिवस! हजार माणूस रोज बघत होता की दुकान बंद आहे! आणि जहाज बंदरात लागलेलं, चार दिवसांत निघणार, आणि माझं वर्षाचं पीक चुलिया स्ट्रीटला कापलं जातंय. हसताय काय? रात्री झोप लागेना मला. खोटं नाही सांगत, घाबरलो होतो मी.

आह कीनला म्हटलं, दार पुन्हा उघडं काढ, तर म्हणाला, हिरवा रंग संपला, आणि शनिवारी शेवटचा खेळ करून मंडळी ताइपिंगला चालली. मग मी चिक कासिमचे पाय धरले. म्हटलं, दोन प्रवेशांच्या मधे तुमची गाणी-नकला होतात ना, तिथे मला एक वाक्य बोलू द्या. तो कावला होता मला. म्हणाला, "एक! एकच वाक्य! आणि चालते व्हा."

शनिवारी नवी टोपी, खांद्यावर टॉवेल, गेलो बत्तीखाली. मागे कोणाचं दुकान? माझं, आणि त्याला हा एवढा अडसर! मी म्हटलं, "मायबापहो, माझं दुकान उघडं आहे." हजार माणूस फुटलं हसून. मी म्हटलं, हसू नका, खरंच उघडं आहे! आणखी हसले. मी हातवारे करून समजावतोय, लोक पोट धरतायत, आणि तेवढ्यात ढोलकं वाजलं. बाकारला काय, ढोलकं वाजलं की यायचं एवढंच ठाऊक. आला, मला बघून थबकला, कानाशी येऊन म्हणतो, "पाक, जरा बाजूला व्हा, मला खून करायचाय." मी कुठे होणार बाजूला? तोवर राजपुत्र आला, भोसकला, आणि पडला तो थेट माझ्या पायांवर. आणि त्या शांततेत मागच्या रांगेतून माक सोमचा आवाज आला, "सुलोंग! आज तरी पाणी दे!"

आता तुम्ही असतात तर काय केलं असतंत? बसलो खाली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, टॉवेल छातीवर दाबला. जायनल दातांखालून म्हणतोय, "सोडा मला, मला मरायचंय, माझं गाणं आहे!" मी म्हटलं, राहू दे बाळा, मी आहे. तिकडे प्रेक्षकांतून गोटीच्या लेमोनेडची बाटली हातोहात पुढे आली. मी पाजली. अख्खी पाजली. आणि राजपुत्रानं दिला ढेकर. मला सांगा, ढेकर दिल्यावर माणूस मरतो का? कसा मरेल? हजार माणूस उभं राहिलं! मिस तिजाह, म्हणजे राजकन्या, विषाचा पेला घेऊन विंगेत तयार उभी होती, तिला कळेना प्यायचा की नाही. चिक कासिम स्वतःचे केस उपटतोय. आणि लोक ओरडायला लागले, "सुलोंग, त्या वजिराला धर! वस्तरा काढ!" वस्तऱ्याचं नाव ऐकलं आणि बाकार, तुम्हाला सांगतो, खरोखर पळाला हो. विंगेतून नाही, लोकांतून! खंजीर टाकून! बंदरावर सापडला म्हणे. मग काय करतात, लावलं राजपुत्र-राजकन्येचं लग्न. रात्री बारापर्यंत चालायचं नाटक साडेदहालाच संपलं, आणि माक सोम सगळ्यांना सांगत होती, "माझ्यामुळे उठला तो."

सकाळी दुकानासमोर ही रांग! मशिदीपर्यंत! मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. फेस केला, वस्तरा पट्ट्यावर घासला, म्हटलं या! पहिला आला तो म्हणाला, "इथेच ना?" आणि पायरीला हात लावून गेला. दुसऱ्यानं गुडघा पुढे केला, "राजपुत्राला उठवलंत, हा जरा बघता का?" तिसरा, चौथा, पाचवा, सगळे एकच, "पाक, ते लेमोनेडचं सांगा ना." सांगितलं. तेव्हापासून सांगतोच आहे. ते जहाज गेलं, दुसरं लागलं, बाक रिकामा नाही आणि खुर्ची भरत नाही. तिकडे ताइपिंगला पडद्यावर माझं दुकान अजून बंदच आहे म्हणे, आणि इकडे उघडून उपयोग काय?

असो. आता झालं सांगून. चला, कोण बसतंय? तुम्ही आजोबा, या... नाही? तुम्ही, निळ्या लुंगीवाले? बघा, बघा, मी वस्तरा उचलला की सगळ्यांना जहाजाचा भोंगा ऐकू येतो. अहो, कसला भोंगा? जहाज गुरुवारी आहे!... बरं, जा, जा. पण पायरी जपून उतरा हो आजोबा. पडलात, तर मागे कोणाचं दुकान?