अळ्या झाडणाऱ्याचा पाय

ओतिलिया : खोटं बोलू नका, कोम्पाद्रे. उंदीर मेला असता तर वास कोपऱ्यातून आला असता. हा तुम्ही पडलाय त्या दोरीच्या झोळीतून येतोय.

क्रिसान्तो : दोन दिवस आंघोळ केली नाही, एवढंच. कोमाद्रे, तुम्ही सूपाचं भांडं ठेवा आणि घरी जा.

ओतिलिया : चौतीस वर्षं संसार केलाय, आंघोळ न केलेला पुरुष मला नवा नाही. माझ्या पोराच्या बाप्तिस्म्याला त्याचे धर्मबाप म्हणून उभे राहिलात, तेव्हापासून आपण कोम्पाद्रे-कोमाद्रे, म्हणून उंबरा ओलांडून आत आले. पाय दाखवा.

क्रिसान्तो : कुठला पाय?

ओतिलिया : ज्याला फडकं गुंडाळून खाली लपवलाय तो.

क्रिसान्तो : काटेरी तार लागली. खरचटलंय जरासं.

ओतिलिया : कधी?

क्रिसान्तो : सोमवारी.

ओतिलिया : आणि आज शनिवार! आणा इकडे. किती गाठी मारल्यात हो... देवा! शी, शी, शी! कोम्पाद्रे, हे हलतंय!

(ओतिलिया धावत दाराबाहेर जाऊन ओकते. तोंड पुसत परत येते.)

क्रिसान्तो : सांगत होतो, जा म्हणून.

ओतिलिया : जळलं मेलं ते! एकाला एक चिकटून, शेपट्या वर करून वळवळताहेत. रटरटणारा भातच जसा. आता आठवडाभर भात घशाखाली उतरायचा नाही मला.

क्रिसान्तो : शेपट्या वर असतात कारण अळी मागून श्वास घेते. तोंड खाली, मांसात.

ओतिलिया : मला नका शिकवू! सगळ्या मुलखातल्या गुरांच्या अळ्या तुम्ही झाडता. गाय कुठल्या रंगाची आणि कुठल्या दिशेला बांधलीय, एवढं सांगितलं की तुम्ही इथे बसून मंत्र पुटपुटणार आणि तिकडे दोन-तीन दिवसांत अळ्या टपाटपा खाली. आणि तुमच्याच पायात ही जत्रा?

क्रिसान्तो : म्हणून तर म्हणतो, हळू बोला. लोकांना कळलं तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही.

ओतिलिया : तोंडाचं काय घेऊन बसलात, पाय जाईल! दुखत नाही?

क्रिसान्तो : रक्तातल्या साखरेमुळे त्या पायाला काही कळेनासं झालंय.

ओतिलिया : मग बोटीने दवाखान्यात चला.

क्रिसान्तो : सगळ्या बोटीला वास देत? मेलो तरी चालेल. उद्या-परवा आपोआप पडतील त्या.

ओतिलिया : परवापर्यंत हाडच उरेल. चिमटा कुठाय?

क्रिसान्तो : आरशामागे. नुसतं ओढू नका, अंगाला काट्यांचे आटे असतात, स्क्रूसारखी आत रुतते. आधी डुकराची चरबी थापा. श्वास कोंडला की वर येतात.

ओतिलिया : ई... आली. बोटाच्या नखाएवढी झालीय हरामखोर. तुमच्यावर पोसलेली.

क्रिसान्तो : जमिनीवर टाकू नका!

ओतिलिया : मग काय गळ्यात घालू?

क्रिसान्तो : मातीत शिरते आणि आठवड्याभराने माशी होऊन निघते. त्या वाडग्यात टाका. वर माझी उसाची दारू ओता.

ओतिलिया : तुमची दारू? आणि अळ्यांना?

क्रिसान्तो : नाइलाज आहे.

ओतिलिया : मेलेल्या डुकरात पडतात त्याही ह्याच का?

क्रिसान्तो : छे. त्या वेगळ्या. त्या मेलेलंच खातात, बिचाऱ्या झाडलोट करतात. हिच्या खापरपणज्याही तेच खात असतील. मग कधीतरी एकीला वाटलं असेल, मरेपर्यंत वाट कशाला बघायची? तेव्हापासून ही जितं मांस खाते. आणि खाऊन घेते ते ह्याच वयात. माशी झालेला नर तर फुलं चाटत हिंडतो, सभ्य माणसासारखा.

ओतिलिया : पुरे. ही चौदावी... थांबा. आपोआप पडतील, असं म्हणालात मघाशी.

क्रिसान्तो : म्हणालो असेन.

ओतिलिया : आपोआप म्हणजे मंत्राशिवाय?

क्रिसान्तो : सूप गार होतंय, कोमाद्रे.

ओतिलिया : होऊ दे! बोला.

क्रिसान्तो : सहा-सात दिवसांत अळीचं पोट भरतं. मग ती स्वतःच जखम सोडते आणि मातीत जाते. लोक माझ्याकडे येतात चौथ्या-पाचव्या दिवशी. त्याआधी अळ्या सहसा नजरेलाच पडत नाहीत. मी मंत्र म्हणतो, दोन-तीन दिवसांत अळ्या झडतात.

ओतिलिया : हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला?

क्रिसान्तो : तीस वर्षं झाली. त्याआधी माझाही विश्वास होता. एकदा पिऊन झोपलो, मंत्र म्हणायचाच राहिला. तिसऱ्या दिवशी माणूस कोंबडी घेऊन दारात. म्हणाला, अळ्या झडल्या, देव तुमचं भलं करो.

ओतिलिया : आणि कोंबडी?

क्रिसान्तो : खाल्ली.

ओतिलिया : माझ्या आईच्या पाठीच्या जखमेत पडल्या, तेव्हा आम्ही पाचव्या दिवशी नव्हतो आलो. पहिल्याच दिवशी आलो होतो.

क्रिसान्तो : आठवतंय मला.

ओतिलिया : मी म्हटलं, चिमट्याने काढते. तुम्ही म्हणालात, मंत्र घातल्यावर जखमेला हात लावायचा नाही, मंत्र बाटतो. पाच दिवस कुणी हात लावला नाही. सहाव्या दिवशी आई गेली.

क्रिसान्तो : कोमाद्रे...

ओतिलिया : आणि स्मशानात, सगळ्यांसमोर, म्हणालात की घरात कुणाच्या तरी मनात किळस होती, म्हणून मंत्र अडला. ती किळस माझी होती! मी तिच्या खोलीत नाक दाबून जायचे. अकरा वर्षं मी समजत आले की माझ्या किळसेनं माझी आई गेली. पाद्रीबाबांनाही सांगायची हिंमत झाली नाही.

क्रिसान्तो : काहीतरी सांगणं भाग होतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

ओतिलिया : अळी भुकेपोटी खाते हो. तुम्ही कशापोटी खाल्लंत मला?

क्रिसान्तो : मानापोटी.

ओतिलिया : थू!

क्रिसान्तो : जा तुम्ही. पाय तसाच राहू दे.

ओतिलिया : गप्प बसा. आईला हात लावला नाही, तो आज लावतेय. तुमच्यासाठी नाही लावत. सरळ करा पाय.

आबेलिनो : (दाराबाहेरून) क्रिसान्तोकाका! ओ काका! मी आबेलिनो, पलीकडच्या वाडीचा. आत येत नाही, घाईत आहे. वासराच्या बेंबीत अळ्या पडल्या. तांबडं वासरू आहे, मावळतीकडे तोंड करून बांधलंय. मंत्र घाला तेवढा!

क्रिसान्तो : कधी दिसल्या?

आबेलिनो : आज सकाळीच. बारीक आहेत अजून.

ओतिलिया : बोला, कोम्पाद्रे. मी मध्ये पडणार नाही.

क्रिसान्तो : आबेलिनो, आत ये.

आबेलिनो : इथूनच सांगतो ना, काका.

क्रिसान्तो : ये म्हटलं ना! इकडे ये आणि माझा पाय बघ.

आबेलिनो : अरे देवा... काका, तुमच्या पायात? शी! हा वास...

क्रिसान्तो : नीट घे वास. आता घरी जा. चरबी थाप, बोट घालून एकेक काढ आणि दारूत टाक. जमिनीवर एकही टाकू नकोस.

आबेलिनो : आणि मंत्र?

क्रिसान्तो : मंत्राने काही होत नाही. कधीच झालं नाही. जाऊन सांग सगळ्यांना.

आबेलिनो : पण काका, मला किळस येते हो. माझ्याने बोट घालवणार नाही.

क्रिसान्तो : येऊ दे किळस. नाक दाब आणि घाल. किळसेनं कुणी मरत नाही, पोरा. कधीच कुणी मेलं नव्हतं.

ओतिलिया : पाय हलवू नका, कोम्पाद्रे. अजून एक आत आहे.