दोन वाजेपर्यंत

पाम गावच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या कृष्णकांत मास्तरांनी खोकलाच दाबून धरला, कारण शेजारच्या बाकावर भांडण रंगात आलं होतं. दांडी गावचे वामनकाका छाती धरून बसले होते आणि पुष्पलताकाकू त्यांच्यावर तडकल्या होत्या.

"डाक्टर बोलला ना, आताच्या आता एकशेआठ बोलवा!"

"दोनला बोलव. दोनला आपल्या भाविकाची ड्युटी लागते."

"अवो, आता साडेबारा वाजलेत!"

"पोरगी त्या गाडीवर डाक्टर, आनि मी दुसऱ्याच्या गाडीत बसू? गावात काय तोंड दाखवू?"

"तोंड दाखवायला जिते तर राहा! मी मगाशीच फोन लावलाय."

वामनकाकांनी मनगटावरचं घड्याळ मास्तरांपुढे धरलं. "आमची भाविका बारा मिनटांत येते, भाऊ. बगू ही गाडी किती लावते."

गाडी आली. उतरलेल्या डॉक्टर मुलीने घड्याळात बघणाऱ्या वामनकाकांचा हात धरला.

"काका, घड्याळ नंतर बघा. आडवे व्हा."

"तुला शिकवलं कोनी?"

"भाविका मॅडमनी. आणि आता एक शब्द बोलायचा नाही!"

वामनकाका मुकाट्याने स्ट्रेचरवर आडवे झाले. दारातून जाताना मात्र मास्तरांकडे वळून म्हणाले,

"ऐकलंत, भाऊ? अगदी तशीच वरडते."