तिसऱ्या कडव्यातला ‘मी’

ब्याण्णव सालची गोष्ट. ब्रुकलिनमध्ये आमच्या बिल्डिंगखालच्या लाँड्रीत मी कपडे धुवायला बसलो होतो. पलीकडच्या बाकावर टेरेन्स होता. त्याचा भाऊ लायनेल उन्हाळ्यात गोळीबारात गेला होता. शेजारी रॅप करणारा ओर्लँडो. त्याच्या नव्या, अजून बाजारात न आलेल्या अल्बमची कॅसेट टेरेन्सच्या मुठीत होती.

“तिसरं कडवं काढून टाक.”

“वेडा झालास? सगळा अल्बम त्याच्यावर उभा आहे. तिथे मी सगळे सूर बंद केलेत, नुसता ड्रम ठेवलाय.”

“गोळ्या सुटल्यावर भावाला जिन्यात टाकून पळालो, हे मी तुला एकट्याला सांगितलं होतं.”

“हळू बोल. तुझं नाव कुठे घेतलंय? ‘मी पळालो’ असंच म्हटलंय.”

“तुला कुठे भाऊ आहे?”

“इथे कोण कोणाला भाऊ म्हणत नाही? लोकांना वाटेल, दोस्ताला सोडून ओर्लँडोच पळाला. वाटू दे.”

“काल आईने ऐकलं.”

“अरे देवा! ओळखलं?”

“नाही. तिलाही तेच वाटलं, लायनेलला सोडून तूच पळालास. तुला नाही नाही त्या शिव्या दिल्या.”

“मग देऊ दे की! मी खातो शिव्या. तुझं काय जातंय?”

“मला जवळ घेतलं रे तिने. म्हणाली, ‘तू तिथे असतास, तर माझ्या लायनेलला टाकून पळाला नसतास.’”