गरगरीत पोट

परतूरच्या जनावरांच्या दवाखान्यात बाकडं एकच होतं, त्यामुळे शेजारचं बोलणं न ऐकण्याची सोय नव्हती. तृप्तीच्या मांडीवर कालच आणलेलं लॅब्रॉडरचं पिल्लू झोपलं होतं. शेजारी पदरात तसंच पिल्लू घेतलेल्या उषाबाई, आणि मांजर घेऊन आलेले शाळेतले आदिनाथ सर.

“सर, उगं भेव घालू नका. पोट बघा की, कसं गरगरीत हाय!”

“मावशी, जंतानं फुगलंय ते. बरगड्यांवरून हात फिरवा, कशा टोचून राह्यल्या. ओठ उचला आता. हिरड्या गुलाबी पाह्यजेत, ह्या पांढऱ्याफक हायेत.”

“जालन्याचा तो पिल्लंवाला तर म्हणला, तब्येत एक नंबर.”

“मलाबी तेच म्हणला व्हता. आठवडाभर जगलं न्हाई.”

“मंग तक्रार करायची की त्याची!”

“केली ना. पशुसंवर्धन खात्याचे साहेब चौकशीला आल्ते. सगळं बराबर हाय म्हणून लिहिलं, अन् जाताना एक पिल्लू घेऊन गेले.”

“फुकट?”

“बिलकुल फुकट. चार दिवसांनी ह्याच बाकड्यावर भेटले मला. पिल्लू मांडीवरच मेलं त्यांच्या.”

“आता तरी धरलं आसंल त्याला!”

“कसं धरतील? पिल्लू मेलं म्हणायचं तर आधी घेतलं म्हणावं लागतं.”

“मंग?”

“मंग काय. त्यानं साहेबांना दुसरं आणून दिलं.”

उषाबाईंनी पिल्लाच्या बरगड्यांवरून हात फिरवला. मग तृप्तीकडे वळल्या.

“तुमचं कुठलं, ताई?”

“जालन्याचं.”

तिचा अंगठा मघापासून पिल्लाच्या ओठावर होता. तो ओठ उचलणं तेवढं तिच्यानं होत नव्हतं.