तासभर पुढचं घड्याळ

विमानतळाकडे निघालेल्या टॅक्सीत विदाद पुढे बसली होती. मागे एक म्हातारं जोडपं होतं, बैरूतमधल्या घरून निघाल्यापासून धास्तावलेलं.

“अहो, पाचला आपली पोर लमीस आत गेली की पुन्हा दिसायची नाही.”

“मग निघताना डबा कशाला शोधत बसलीस? भिंतीवर साडेचार वाजले होते.”

“कॅनडात कोण करून घालणार तिला द्राक्षपानांच्या गुंडाळ्या? आणि काल उन्हाळ्याची सरकारी वेळ लागणार, घड्याळ तासभर पुढे करा म्हटलं, तर तुम्ही म्हणे सूर्य काय सरकारला विचारून मावळतो.”

“केलं होतं मी.”

“काय?”

“घड्याळ पुढे. तू झोपल्यावर. उशीर नको म्हणून.”

“अहो अबू लमीस, मी पहाटे उठून केलं ना पुढे!”

लमीसचे बाबा पुढे वाकले.

“मुली, किती वाजलेत गं? वीज नाही, आमचे फोन बंद पडलेत.”

“पावणेचार, काका,” विदाद म्हणाली.

“नव्या वेळेने?”

“नव्याच.”

“बघ, तासभर मिळाला. पोरीसोबत बसून कॉफी पिऊ. पूस डोळे.”

“आणि ती गेल्यावर?”

“घरी. आता सातपर्यंत उजेड असतो, गच्चीत बसू. तुला आवडतं ना?”

“लमीस असायची तेव्हा.”

“बरं. घरी गेल्या गेल्या ते घड्याळ तेवढं मागे घेतो.”

“नको. पुढेच असू द्या. झोपायची वेळ लवकर होईल.”