तिसऱ्या प्रकारची वाक्यं

लंकाबाई : अगं, सगळं येत व्हतं ना तुला? मग इंग्रजीच्या पेपरात एवढाच प्रश्न कोरा का सोडला? मॅडमचा फोन आला व्हता, म्हणाल्या श्रेयाला झालंय काय?

श्रेया : नाही सुचलं, आई.

लंकाबाई : मला समजंल असं सांग. काय व्हतं त्यात?

श्रेया : जर-तरची वाक्यं. कंसातल्या क्रियापदाचं बरोबर रूप लिहायचं. 'तू आलास तर मी येईन', हा पहिला प्रकार. ते अजून घडू शकतं. तिथं 'इफ यू कम, आय विल कम'. दुसरा म्हणजे नुसतं मनातलं. त्या दोन्हींचे प्रश्न लिहिले मी.

लंकाबाई : अन् तिसरा?

श्रेया : घडून गेलेलं. आता बदलत नाही ते. तिथं आधी 'हॅड' आणि पुढं 'वुड हॅव'.

लंकाबाई : मग येतंय की!

श्रेया : येतं गं. पण आजी रोज तुला म्हणते तसलंच वाक्य आहे ते. 'हिनं फोन केला नसता, तर माझा भरत गाडीवर निघालाच नसता.' पेपरात 'इफ शी' वाचलं आणि हात चालेना.

लंकाबाई : मनावर नको घेऊ. पोटचा गेलाय त्यांचा.

श्रेया : माझे पप्पा पण गेलेत. आणि तू गप्प का बसतेस? तू म्हणत होतीस, अंधार पडलाय, आज कळंबला मामाकडंच राहू. मी रडले, उद्या शाळा आहे म्हणून. तेव्हा तू पप्पांना फोन करून बोलावलंस.

लंकाबाई : हळू बोल. आजी ओट्यावर हायेत.

श्रेया : माझ्या वाट्याचं बोलणं तू ऐकून घेतेस.

लंकाबाई : लेकरानं घरी जायचं म्हटलं, त्यात कसला आला वाटा? रस्त्यात टँकर उभा केला, मागं दिवा न्हाई, काय न्हाई. ज्यानं केला त्यानं लिहावं तसलं वाक्य. तू नको.

श्रेया : मग आजीला सांग ना!

लंकाबाई : सांगितलं तर तुला बोलतील. मला बोलतात ते बरं हाय.

(चिमाबाई ओट्यावरून उठून दारात येतात.)

श्रेया : आजी, त्या दिवशी ना...

लंकाबाई : श्रेया!

चिमाबाई : राहू दे. पत्र्याचं घर हाय, समदं ऐकू येतंय भाईर.

श्रेया : मग आता मला बोल. आईला नको.

चिमाबाई : तुला काय बोलू गं? भरतच्याच नाकाडोळ्याची तू. लंके, वरीस झालं, तू तोंड उघाडलं न्हाईस.

लंकाबाई : काय बोलायचं, आत्याबाई.

चिमाबाई : मला कुणाला तरी बोलाया लागतंय. न्हाईतर ह्ये घर खायला उठतंय. उद्या बी बोलंन म्या. तोंडात बसलंय ते.

लंकाबाई : बोला.

चिमाबाई : तवा उलटून बोलत जा. अशी मुकी ऱ्हाऊ नको.

लंकाबाई : मला न्हाई जमायचं.

चिमाबाई : सरक जरा. मला बी बसू दे हितं.